घरी बांधायचं लढाऊ बायप्लेन: एस.ई.५ए, न्यूपोर, फोकर डी.७, कॅमल की फ्यूरी?

पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ बायप्लेनची, म्हणजे एकावर एक अशा दोन पंखांच्या विमानाची, प्रतिकृती स्वतः बांधायची असं मनात घेतलेला माणूस बहुतेक वेळा आधी रंगसंगती ठरवतो. मग आराखडे मागवतो, पंखाच्या फासळ्या करायला घेतो, आणि इंजिनाचा विचार पुढे ढकलतो. हा क्रम उलटा हवा. या विमानांत नाकात काय बसतं यावर बाकीचं जवळपास सगळं ठरतं: वजनाचा तोल, प्रोपेलरची लांबी, खर्च, धावपट्टीवरचं वागणं आणि लांबून बघणाऱ्याला ते विमान खरं वाटतं का, हेसुद्धा. म्हणून ही तुलना नाकापासून सुरू करतो.

आधी इंजिन

१९१४ ते १९१८ मधली लढाऊ विमानं ढोबळमानानं दोन घराण्यांची. एक रोटरी इंजिनवाल्यांचं: न्यूपोर ११ आणि १७, सॉपविथ पप, सॉपविथ कॅमल. दुसरं पाण्यानं थंड होणाऱ्या स्थिर इंजिनांचं: ब्रिटिश एस.ई.५ए, फ्रेंच स्पाड, जर्मन फोकर डी.७.

रोटरीत क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, विमानाला घट्ट जोडलेला असतो आणि सगळे सिलिंडर क्रँककेससकट प्रोपेलरबरोबर फिरतात. वंगण एरंडेल तेलाचं, कारण ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. हे तेल परत टाकीत येत नाही, जळून आणि उडून बाहेर पडतं. आजच्यासारखा सरळ थ्रॉटल नाही. उतरताना ताकद कमी करायची तर विमान चालवायच्या काठीवरचं बटण दाबून ठिणगी थोडा थोडा वेळ बंद करायची. आवाज, वास, फिरण्यातली झिंग, सगळं खरं आणि विलक्षण आहे. न्यूझीलंडमध्ये १०० अश्वशक्तीचं ग्नोम रोटरी नव्यानं बनवलंही गेलं आहे. पण पहिलीच प्रतिकृती बांधणाऱ्यानं रोटरीच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विमान बांधणं हा एक प्रकल्प आणि रोटरी सांभाळणं हा दुसरा. दोन्ही एकदम अंगावर घेतले की विमान शेडमध्येच राहण्याची शक्यता वाढते.

मग रोटरीच्या जागी काय? सगळ्यात देखणं उत्तर म्हणजे आधुनिक रेडियल, म्हणजे सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेलं इंजिन. ऑस्ट्रेलियाच्या रोटेकचं सात सिलिंडरचं ११० अश्वशक्तीचं आणि नऊ सिलिंडरचं १५० अश्वशक्तीचं इंजिन गोल काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणात) शोभून दिसतं. सिलिंडर स्थिर असतात, त्यामुळे फिरत्या वजनापायी वळताना नाक वर-खाली ढकलणारे रोटरीचे गायरोस्कोपिक चाळे नाहीत. मात्र रेडियल महाग पडतं. स्वस्त पर्याय म्हणजे फोक्सवॅगन मोटारीचं रूपांतर केलेलं इंजिन. ते काम करतं, पण प्रोपेलर थेट क्रँकला जोडला तर त्याला मिनिटाला तीन हजारांहून जास्त फेरे पडतात आणि मग प्रोपेलर आखूड ठेवावा लागतो. मूळ रोटरी साधारण १२०० ते १३०० फेऱ्यांवर अडीच मीटरच्या आसपासचा प्रोपेलर फिरवायची. रुंद काउलिंगसमोर आखूड पंखा दिसायला वाईटच, पण खरा तोटा वेगळा आहे. त्या प्रोपेलरचा बराचसा वारा काउलिंगवरच आपटतो. बायप्लेन तारा, खांब आणि चाकांमुळे हवेत प्रचंड अडतं, वेग कमी असतो, आणि कमी वेगाला मोठा, सावकाश फिरणारा प्रोपेलरच जास्त ओढ देतो. म्हणून रोटॅक्स ९१२ सारखं, गिअरनं प्रोपेलर सावकाश फिरवणारं इंजिन, ८० किंवा १०० अश्वशक्तीचं, कागदावर तेवढीच ताकद दाखवूनही अशा विमानात उजवं ठरतं.

आता तोल. कॅमलमधली क्लर्गे ९बी रोटरी सुमारे १७० किलोची होती. रोटॅक्स त्याच्या निम्म्याहून हलकं. नाकातले शंभरेक किलो कमी झाले की विमान शेपटीकडे जड होतं. मग इंजिन पुढे सरकवायचं, म्हणजे आखूड नाक लांब दिसणार, किंवा नाकात शिसं भरायचं, म्हणजे मुद्दाम वजन वाहायचं. आराखड्यात सांगितलेलं इंजिन सोडून स्वस्तात मिळालेलं दुसरं बसवणाऱ्यांना हाच हिशेब सगळ्यात जास्त छळतो. शेपूट जड असलेलं विमान धोक्याचं असतं, आणि ते हवेत गेल्यावर कळून उपयोग नाही.

पूर्ण आकार की लहान?

लांबी-रुंदी ८५ टक्के केली की पंखाचं क्षेत्रफळ ७२ टक्के उरतं आणि घनफळ ६१ टक्के. सात दशांश आकारात क्षेत्रफळ निम्म्यावर येतं आणि घनफळ जेमतेम एक तृतीयांशावर. वजन आणि खर्च झपाट्यानं खाली येतात, छोटं इंजिन पुरतं, नेहमीच्या शेडमध्ये काम होतं. फक्त वैमानिक लहान होत नाही. सात दशांशच्या विमानात उंच माणसाचे खांदे कॉकपिटच्या कडांना घासतात, आणि बाजूनं घेतलेल्या फोटोत त्याचं डोकं विमानाच्या मानानं फार मोठं दिसतं. ८५ टक्क्यांच्या आसपास मात्र डोळा सहज फसतो. शेजारी मूळ विमान उभं नसेल तर फरक कळत नाही. माझ्या मते एकट्यानं बांधणाऱ्यासाठी तीन चतुर्थांश ते सात अष्टमांश हा पट्टा सगळ्यात शहाणपणाचा.

एस.ई.५ए

इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीचं हे विमान. एस.ई.५ नोव्हेंबर १९१६ मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि जास्त ताकदीच्या इंजिनासह त्याचं ५ए झालं. मूळ इंजिन २०० अश्वशक्तीचं हिस्पानो-सुइझा व्ही-८, पंखांचा विस्तार ८.११ मीटर. कॅमलच्या तुलनेत स्थिर, डाइव्हमध्ये मजबूत, गोळी नेमकी जावी म्हणून हवेत शांत राहणारं. हाच शांत स्वभाव हौशी वैमानिकाच्या कामाचा. भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा हवाई विजय मिळवले ते याच विमानावर, आणि २२ जुलैला फोकर डी.७ विमानांशी झुंजताना त्यांना मरण आलं. कुणाच्या विमानाचे रंग आणि खुणा चढवायच्या हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच सुटतो.

प्रतिकृतीसाठी कॅनडात तयार झालेले ८५ टक्के आकाराचे आराखडे बऱ्याच जणांनी वापरले आहेत. बांधणी लाकडाची, पंख सातेक मीटरचे, इंजिन कॉन्टिनेंटलचं ८५ ते १०० अश्वशक्तीचं. इथे एक गोष्ट फार छान जुळते. मूळ विमानाचं नाक म्हणजे पुढे मोटारीसारखा सपाट रेडिएटर आणि त्यामागे व्ही-८ चे दोन्ही बाजूंना फुगलेले सिलिंडर. आजचं आडवं चार सिलिंडरचं इंजिन रुंद असतं, आणि ती रुंदी त्या फुगवट्यांतच मावते. थंड हवा खोट्या रेडिएटरच्या जाळीतून आत येते. बाजूनं लांब एक्झॉस्ट पाइप मागे नेले की झालं. नाक लांब असल्यानं तोलही फारसा त्रास देत नाही. ज्या विमानाच्या नाकाचा आकार आज विकत मिळणाऱ्या इंजिनाला इतका सामावून घेतो, असं त्या काळातलं दुसरं पटकन आठवत नाही.

लाकूडकाम मात्र वेळ खातं. स्पारसाठी (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईसाठी) सरळ रेषांचं, गाठी नसलेलं स्प्रूस, पातळ बर्च प्लायवुड आणि इपॉक्सी गोंद. एका साच्यावर एकेक फासळी चिकटवत जायचं. गोंदाचं प्रत्येक मिश्रण कालवलं की त्यातूनच दोन तुकडे चिकटवून त्यावर तारीख लिहून ठेवायचे आणि गोंद पक्का झाल्यावर ते मोडून बघायचे. लाकूड फाटलं आणि गोंदाची रेघ शाबूत राहिली तर जोड चांगला. गोंदाच्या रेघेवरच सुटलं, तर त्या दिवशी जोडलेलं सगळं संशयास्पद. कंटाळवाणी सवय आहे, पण लाकडी विमानात आतला जोड नंतर बघता येत नाही. सांगाड्यावर कापड चढलं की तो कायमचा झाकला जातो.

न्यूपोर ११ आणि १७

न्यूपोरचे रचनाकार ग्युस्ताव दलाज यांची ही बाळं. ११ ला ‘बेबे’ म्हणतच. ८० अश्वशक्तीची ल रोन रोटरी, पंख साडेसात मीटरचे, भरलेलं वजन फक्त ४८० किलो. १७ ला ११० अश्वशक्ती आणि थोडा मोठा पंख. मुळात विमान इतकं हलकं असल्यामुळे छोट्या इंजिनावर, कमी पैशात उडवण्यासाठी यासारखं दुसरं नाही.

कॅनडाच्या ग्रॅहॅम ली यांचे सात अष्टमांश आकाराचे न्यूपोर ११ चे आराखडे प्रसिद्ध आहेत. सांगाडा अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा, जोडांवर पातळ पत्र्याचे तुकडे आणि पॉप रिव्हेट. वेल्डिंग नाही, गोंदाची वाट बघणं नाही, हवामानाची अडचण नाही. एक जोड बिघडला तर रिव्हेट ड्रिलनं काढून पुन्हा करता येतो. अमेरिकेतल्या मिझुरीच्या एअरड्रोम एअरोप्लेन्सनं याच पद्धतीची, नळ्या कापून देणारी किट लोकप्रिय केली. ज्याला आठवड्याला चारच तास मिळतात त्याच्यासाठी हा मार्ग एस.ई.५ए पेक्षा नक्की जवळचा. ज्याला पूर्ण आकाराचं आणि स्टीलच्या नळ्यांचं न्यूपोर हवं, त्याच्यासाठी वॉल्ट रेडफर्न यांचे आराखडे आहेत, पण मग वेल्डिंगही आलं आणि मोठं इंजिनही.

न्यूपोरची दुखरी जागा खालच्या पंखात आहे. वजन कमी करायला आणि खाली नीट दिसावं म्हणून दलाज यांनी खालचा पंख अगदी अरुंद ठेवला, एकाच स्पारचा, आणि तो इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खांबांनी वरच्या पंखाला जोडला. जोरात डाइव्ह मारली की तो एकुलता स्पार पिळला जायचा. मूळ विमानांचे खालचे पंख अशा वेळी तुटलेले आहेत. प्रतिकृतीत हा धोका आराखडाकारांनी वेगमर्यादा आणि जास्त मजबुतीनं आवरलेला असतो, पण ती मर्यादा पाळणं वैमानिकाच्या हातात. कसरती करायच्या असतील तर न्यूपोर घेऊ नका. संध्याकाळच्या शांत हवेत गवताच्या पट्टीवरून उठून अर्धा-पाऊण तास फिरून यायचं असेल, तर यात जो आनंद आहे तो वजनदार विमानात नाही.

फोकर डी.७

हे माझं सगळ्यात आवडतं विमान आहे, तरी मी ते सरसकट सुचवणार नाही.

१९१८ च्या शस्त्रसंधीच्या अटींत सगळी डी.७ विमानं नावानिशी मागितली गेली, यावरून त्याची जरब समजावी. बांधणाऱ्याच्या दृष्टीनं त्याचं मोल वेगळं आहे: पंखांना बाहेरून तारा नाहीत. जाड पंखाच्या आतले पेटीसारखे स्पारच सगळा भार घेतात. बाकीच्या बायप्लेनमध्ये उड्डाणाच्या तारा, उतरण्याच्या तारा, कोन राखणाऱ्या तारा, प्रत्येकीला टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू), आणि हे सगळं ओळंब्यानं आणि कोनमापकानं जुळवत बसणं. एक तार ताणली की दुसरी सैल होते, मग पुन्हा पहिलीकडे. डी.७ मध्ये हे काम जवळजवळ नाहीच. धड स्टीलच्या नळ्या वेल्ड करून केलेलं, म्हणजे आज क्रोमोलीच्या (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या) नळ्यांत तसंच्या तसं करता येतं.

पण त्याच पंखांची दुसरी बाजू बघा. वरचा पंख ८.९ मीटरचा आणि एकसंध. खालचाही एकसंध, धडाच्या पोटातून आरपार जाणारा. डावा-उजवा वेगळा करून भिंतीला लावून ठेवता येत नाही. तेवढी लांब, सपाट, कोरडी जागा काही वर्षं अडवून ठेवता येणार असेल तरच पूर्ण आकाराकडे वळा, आणि विमान धावपट्टीपर्यंत न्यायचं कशातून हेही आधीच ठरवा. मूळचं रिकामं वजन ६७० किलो, त्यामुळे पूर्ण आकाराला दीडशे ते दोनशे अश्वशक्ती लागते. मूळ मर्सिडीज इंजिन सहा सिलिंडरचं, उभं. त्याचे सिलिंडर काउलिंगच्या वर डोकावतात आणि तीच डी.७ ची ओळख. आज जुन्या रेंजरसारखं उलटं सहा सिलिंडरचं इंजिन वापरतात. त्यात सिलिंडर खाली लोंबतात आणि प्रोपेलर वर सरकतो, म्हणजे नाकाची रेषा बदलते आणि वर खोटी सिलिंडरडोकी बसवावी लागतात. आकार कमी केला तर इंजिन आणि जागा दोन्ही प्रश्न हलके होतात. हाताला वेल्डिंग असेल आणि लांब शेड असेल, तर मात्र डी.७ एस.ई.५ए च्या वर ठेवावं, कारण ते उडवायला सरळ आहे आणि तारांचा जन्मभराचा व्याप वाचतो.

सॉपविथ कॅमल

सगळ्यात जास्त लोकांना हेच हवं असतं. इंजिन, वैमानिक, बंदुका आणि इंधन असं बहुतेक सगळं वजन पुढच्या दोन मीटरच्या आसपास कोंबलेलं, पाठीमागे मुख्य टाकी, समोर गरगरणारी रोटरी. उजवीकडे वळलं की नाक खाली जातं, डावीकडे वळलं की वर. सरावलेल्या हातात हे विमान अजिंक्य होतं. भारतीय वैमानिक हरदित सिंग मलिक हेच उडवायचे. शिकाऊ वैमानिक मात्र यात लढाईबाहेरच मोठ्या संख्येनं गेले.

रोटरी काढून रेडियल किंवा हलकं इंजिन बसवलं की गायरोस्कोपिक त्रास बराच कमी होतो. उरतात दोन गोष्टी: आखूड नाकामुळे तोलाचा वर सांगितलेला प्रश्न इथे सगळ्यात तीव्र, आणि जमिनीवर गर्रकन फिरून पंख टेकवण्याची खोड. रोटरीशिवाय कॅमल हे कॅमल राहत नाही, आणि रोटरीसकट ते पहिल्या प्रकल्पाचं विमान नाही. अनुभवी बांधणाऱ्यानं, शेपटी-चाकाच्या विमानांत मुरलेल्यानं, जोडीला जाणकार माणसं असताना करावं. बाकीच्यांनी सॉपविथच घ्यायचं तर पप बघावं. तेही रोटरीचंच, पण हलकं, कमी ताकदीचं आणि स्वभावानं गोड म्हणून तेव्हाच्या वैमानिकांत नावाजलेलं.

हॉकर फ्यूरी

काळ पुढचा: १९३१, सिडनी कॅम यांची रचना, रोल्स-रॉइस केस्ट्रल इंजिन, ताशी ३२० किलोमीटरच्या पुढे गेलेलं रॉयल एअर फोर्सच्या ताफ्यातलं पहिलं लढाऊ विमान. इंग्लंडच्या जॉन आयझॅक्स यांनी त्याची सात दशांश आकाराची लाकडी आवृत्ती केली, ती १९६३ मध्ये उडाली, आणि तिच्या आराखड्यांवरून पुढे अनेक झाल्या. १२५ अश्वशक्तीचं लायकमिंग बसवलं की ही चपळ, कसरतींना उत्सुक असते. चंदेरी रंगातली फ्यूरी दिसते फार सुंदर. कॉकपिट अरुंद आहे, तेव्हा आराखडे घेण्याआधी एखाद्या तयार विमानात बसूनच बघा. गुडघे आणि खांदे मावले तर पुढचं बोलू.

सगळ्यांना लागू असलेलं

मूळ विमानांना शेपटीखाली लाकडी घसरपट्टी होती आणि ब्रेक नव्हते. गवतावर ती घसरपट्टीच ब्रेकचं काम करते. डांबरावर ती निरुपयोगी. तुमच्या जवळची पट्टी डांबरी असेल तर वळणारं शेपटी-चाक आणि डिस्क ब्रेक बसवा, अस्सलपणाचा हट्ट सोडा.

कापडाच्या बाबतीत तर हट्ट नकोच. तेव्हाचं लिनन सुंदर, पण आजचं पॉलिएस्टर कितीतरी जास्त टिकतं. ते इस्त्रीनं आकसवून ताणतात: आधी साधारण १२० अंश सेल्सिअसला, शेवटी १७५ च्या आसपास. घरच्या इस्त्रीवरच्या आकड्यांवर विश्वास न ठेवता वेगळ्या थर्मामीटरनं ती तपासून घ्या. तापमान फार चढलं तर कापड ढिलं पडतं आणि मग पुन्हा ताणलं जात नाही. त्यानंतर लांब सुईनं मेणाचा दोरा आरपार ओवून कापड प्रत्येक फासळीला शिवायचं. पंखाच्या दोन बाजूंना दोन माणसं बसली तर हे काम पटापट होतं.

किट की आराखडे, यावर माझं उत्तर थोडक्यात: किट वेळ वाचवतं, आराखडे पैसे. त्यात कायद्याचाही भाग आहे. अमेरिकेत हौशी बांधणीच्या वर्गात नोंद व्हायची तर बांधकामाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसानं शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेला असावा लागतो. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे निरीक्षक टप्प्याटप्प्यानं काम बघतात. जिथे असाल तिथल्या विमान प्राधिकरणाशी पहिली नळी कापण्याआधी बोला, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो तारखेसह ठेवा. अर्धवट सोडलेला प्रकल्प विकत घ्यायचा मोह होतो, आणि कधी कधी तो चांगला सौदाही असतो. पण असे फोटो आणि नोंदी नसतील तर आतल्या जोडांबद्दल तुम्हाला काहीच कळणार नाही, म्हणून तसा प्रकल्प लाकडी असेल तर सोडूनच द्या. रिव्हेटचा किंवा वेल्ड केलेला सांगाडा निदान उघडा असेपर्यंत तपासता येतो.

ही सगळी विमानं एका माणसाची आहेत. शेजारी बसून शिकवणारं कुणी नाही. पहिलं उड्डाण एकट्याचंच. म्हणून बांधकाम चालू असतानाच शेपटी-चाकाच्या दोन आसनी विमानावर, जमलं तर उघड्या बायप्लेनवर, हात बसवून घ्या. तिथे मुख्य सराव एकाच गोष्टीचा करा: इंजिनाची ताकद गेली की क्षणात नाक खाली. इतक्या तारा आणि खांब असलेलं हलकं विमान वेग धरून ठेवत नाही, तो दोन-तीन सेकंदांत निघून जातो, आणि सवय साध्या एकपंखी विमानाची असेल तर हात तेवढ्यात हलत नाही.

जागा, वेळ, पैसा आणि अनुभव सगळं बेताचंच असेल, तर माझी शिफारस ८५ टक्क्यांची एस.ई.५ए. वेळ किंवा पैसा त्याहूनही कमी असेल तर अॅल्युमिनियमचं न्यूपोर ११, आणि इंजिनाचे पैसे आधी बाजूला काढून मगच आराखडे मागवा.